बारा झोपलेल्या कोळंब्या

जपानमध्ये, एदोगावा भागात, आमच्या घराजवळच्या बालवाडीत मी दुपारची मदतनीस म्हणून लागले, तेव्हा माझं काम एकच होतं. जेवल्यावर मुलांना झोपवायचं. गाद्या अंथरायच्या, दोन मुलांच्या मधे बसायचं आणि दोन्ही हातांनी दोघांना थोपटायचं. जपानीत याला तोन-तोन म्हणतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पाच भावंडांत मी थोरली. आठवीत शाळा सुटली ती धाकट्यांना थोपटण्यासाठीच. तोंडाने हुंकार द्यायचा, हात सावकाश ठेवायचा आणि नजर भलतीकडे. मुलाकडे बघितलं की ते झोपत नाही.

पहिले तीन महिने काम कच्चं, नंतर ठेवायचं की नाही ते ठरणार. मला ते काम हवंच होतं. परक्या देशात माझ्या हाताला कोणी किंमत दिली ती पहिल्यांदाच. फॉर्मवरचा शिक्षणाचा रकाना मी कोरा सोडला होता. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सगळ्यांची इतकी ऋणी होते की आपोआप उघडणाऱ्या दारासमोरसुद्धा वाकायचे.

तिथे मेक्सिकोच्या एक बाई होत्या. त्या आठवड्याला आपल्याकडची एक म्हण शिकवत, आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत, आणि मुलांकडून ती करूनही घेत. एकदा म्हण होती, निवडुंगाला फळं आली की मगच लोक त्याला भेटायला येतात. चार मुलं निवडुंग होऊन हात पसरून उभी, बाकीची भेटायला. मी मागे बसून रुमालांच्या घड्या घालत ऐकायची आणि घरी यांना सांगायची. हे इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहेत.

"आमच्या आत्याबाई मेक्सिकोच्या असणार," हे म्हणाले. "आंबे उतरले की त्याही उतरायच्या."

पुढच्या आठवड्यात पालकांचा दिवस होता. आईवडील येऊन मुलांबरोबर जेवतात आणि मग भिंतीला टेकून वर्ग बघतात. आदल्या दिवशी मेक्सिकोच्या बाईंना ताप भरला. मुख्य बाई माझ्याकडे आल्या. "तुम्ही दर आठवड्याला ऐकता. उद्या तुम्हीच घ्या."

"हाय," मी म्हणाले. म्हणजे हो. मी इथे आधी हो म्हणते आणि मग घाबरते.

संध्याकाळी मेक्सिकोच्या बाईंनी फोनवर सांगितलेली म्हण, आधी स्पॅनिश मग इंग्रजी, मी कचरा वेगळा करण्याच्या पत्रकाच्या मागे देवनागरीत लिहून काढली आणि ओट्याशी उभी राहून घोकू लागले.

"कामारोन के से दुएर्मे, से लो येवा ला कोर्रिएन्ते."

"सोळा सोमवारची कहाणी सांगतेयस का?" हे कांदा चिरत म्हणाले.

"अहो, झोपली की कोळंबी प्रवाहात वाहून जाते, असा अर्थ आहे. चुकतंय का कुठे?"

"मला काय कळतंय. पण देव प्रसन्न होईल असं वाटतं."

"आणि माझं शिक्षण विचारलं तर?"

"सांग, जन्मभर कोळंबी सोलतेय. याहून जास्त कोण शिकलंय?"

दुसऱ्या दिवशी मुलं भात, मासा, सूप असं पोटभर जेवली. मोबाइल उंच धरून पालक भिंतीशी उभे राहिले. मी म्हण म्हटली. मुलांनी ती स्पॅनिशमध्ये अशी ठणकावून म्हटली की मी हातातल्या कागदाची घडी घालून टाकली. इंग्रजीतही म्हणून झाली. आता फक्त करून दाखवायचं होतं. कोळंब्या झोपणार, निळी चादर म्हणजे प्रवाह, तो येऊन त्यांना ओढून नेणार.

"कोळंब्यांनो, झोपा," मी म्हणाले.

बाराही जण पाठीचा बाक करून लवंडले. एक मुलगा खुदखुदत वळवळत होता. माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. दुसरा हात शेजारच्या मुलीवर. तोंडातून हुंकार सुरू झाला. नजर सवयीने खिडकीबाहेर, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्यांकडे.

भानावर आले तेव्हा खोलीत चिडीचूप होतं. बाराही कोळंब्या खरोखर झोपल्या होत्या. एक घोरत होती. पालकांचे मोबाइल खाली आले होते. टाय लावलेले एक वडील खेळण्यांच्या कपाटाला टेकून उभ्याउभ्याच पेंगत होते.

मुख्य बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "प्रवाह?"

मी निळी चादर हळूच मुलांच्या अंगावर पांघरली. पालक सपाता हातात घेऊन चवड्यांवर बाहेर गेले.

"गेलं काम," मी घरी येऊन म्हणाले.

"सगळी झोपली?"

"बारा मुलं. आणि एक बाप."

"बापालाही थोपटलंस?"

"अहो, मला रडू येतंय."

"मग आधी जेव," हे म्हणाले.

काढून टाकण्याआधी आपणच खरं सांगावं, असं रात्री ठरवलं. सकाळी मुख्य बाईंसमोर उभी राहिले आणि मोडक्या जपानीत सांगितलं की माझी शाळा आठवीत सुटली, इंग्रजी येत नाही आणि स्पॅनिश तर कचऱ्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्या काही बोलणार, इतक्यात दार उघडलं. कालचे टायवाले वडील, हाताला त्यांची चार वर्षांची मुलगी.

ते दोनदा वाकले. काल संध्याकाळी मुलीला घेऊन ते ट्रेनने तिच्या आजोळी निघाले होते. बसल्याबसल्या त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा उतरायचं स्टेशन मागे पडून दोन स्टेशनं झाली होती, आणि मुलगी त्यांच्यासमोर उभी राहून अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी ती म्हण म्हणत होती. आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत.

"जागी होतीस, तर स्टेशन आल्यावर का नाही उठवलंस त्यांना?" मुख्य बाईंनी मुलीला विचारलं.

ती म्हणाली, "वाहून जायच्या आधी उठवलं असतं तर म्हण कशी म्हणणार?"

वडील पुन्हा एकदा वाकले आणि गेले. मुख्य बाईंनी खणातून माझा फॉर्म काढला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आठवी म्हणालात ना? लिहा."

मी लिहिलं. त्यांनी खाली आपला शिक्का उमटवला, त्यावर फुंकर मारली आणि कागद परत खणात ठेवला.

"यापुढे म्हण जेवणाआधी घ्या," त्या म्हणाल्या.

"हाय," मी म्हणाले, आणि मग घाबरले.