एक हजार चोवीस आणि आमचा वर्ग

उचगावात बारा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतेय. सर्टिफिकेटं लोक घेऊन जातात आणि किस्से माझ्याकडं ठेवून जातात. आवरायला गेलं तरी आवरत नाहीत. मोठ्या माणसांच्या बॅचचे तर विचारूच नका!

पाटील अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं, एक केबी म्हणजे १०२४ बाइट. अण्णा उभेच राहिले.

"मॅडम, हजार का न्हाय? वरचे चोवीस कुणाचे?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "अण्णा, कॉम्प्युटरला फक्त दुप्पट करता येतं असं समजा. बोटं घ्या, दोनापासनं सुरू करा."

अण्णा एकेक बोट मिटत निघाले. "दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस..." नववं बोट, पाचशे बारा. दहावं मिटलं आणि डोळे मोठे झाले.

"एक हजार चोवीस! आयला, ह्ये हजारावर थांबतच न्हाय की!"

त्या दिवसापासून मी पुस्तकातलं शिकवायचं सोडलं. आता प्रत्येक बॅच बोटांवर शिकते.

त्याच अण्णांनी पुढं घरातले जुने फोटो ठेवायला एक टीबीची हार्ड डिस्क आणली. लावून बघतात तर ९३१ जीबी! अण्णा भडकले. मला घेऊन तडक दुकानात.

"पावणं, आख्खी हयात काट्यावर गेली माझी. माप मारलेलं मला लगेच कळतंय!"

दुकानदार बिचारा म्हणाला, "अण्णा, सगळ्याच डिस्कला असं येतंय. का, ते मलाबी म्हायती न्हाय."

मी हळूच म्हटलं, "अण्णा, कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं." अण्णांनी काउंटरवरचा कॅल्क्युलेटर ओढला. एका टीबीचे बाइट म्हणजे एकावर बारा शून्यं; ती मावेनात, म्हणून तीन शून्यं आधीच खोडली आणि दोनदा एक हजार चोवीसनं भागलं. मग खोडलेल्या शून्यांसाठी हजारानं गुणून पुन्हा एक हजार चोवीसनं भागलं. पडद्यावर ९३१ उमटले.

अण्णांनी टोपी काढली, दुकानदाराला हात जोडले. "चुकलं माझं. माप बरोबर हाय. मोजायच्या रीती दोन हायत."

दुकानदार म्हणाला, "अण्णा, तेवढं कागदावर लिहून द्या. रोज एक तरी भांडायला येतंय!"

अण्णांच्या अक्षरातला तो कागद आजही त्या दुकानाच्या काचेवर आहे. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जाते.

आक्काताई राधानगरीकडच्या. सहा म्हशी आहेत. लेकीकडं राहायला आल्या आणि वर्गात बसल्या. दूध व्यवसायाच्या ट्रेनिंगचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. फोटो पन्नास केबीच्या आत हवा आणि त्यांचा होता चार एमबीचा.

अर्ध्या तासानं त्यांनी हाक मारली. बघते तर स्क्रीनवर कुंकू, एक डोळा आणि अर्धं नाक!

"मॅडम, कापून कापून एवढीच उरली मी, तरी साठ केबी हाय!"

हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना फोटो न कापता त्याची साइज कमी करायला शिकवलं. अठ्ठेचाळीस केबी झाला. आक्काताई स्क्रीनकडं बघत राहिल्या.

"समदी मावली की वं!"

आता लेकीच्या गल्लीतले फॉर्म त्याच भरतात. माणूस दारात आला की पहिला प्रश्न, "फोटो किती एमबीचा हाय?"

सुनीता वहिनींच्या घरचं नेट सारखं अडकायचं. त्यांनी वर्गातूनच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडचा म्हणाला, "मॅडम, शंभरचा प्लॅन आहे ना, स्पीड बरोबर येतोय."

"शंभर मेगाबिट ओ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागलं की साडेबारा मेगाबाइट. मला सहाच येतंय. निम्मं कुठं गेलं?"

पलीकडचा एकदम अदबीनं, "मॅडम, आपण कुठं जॉबला असता?"

"मी? मी घरात चपात्या लाटतो!"

दुपारी कंपनीचा माणूस घरी हजर!

माझ्याच बॅचमधली पूजा कांबळे एमआयडीसीत पॅकिंगला होती. दोन इंटरव्ह्यूत नापास झालेली. तिसरा एका हॉस्पिटलात, जुने केसपेपर स्कॅन करायचं काम. एकटी जायला तयार नव्हती म्हणून मी सोबत गेले. दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर.

आत तीन साहेब. मधल्यानं पेनड्राइव्ह पुढं ठेवला. "सोळा जीबी आहे. एक कागद दोन एमबीचा. किती कागद मावतील?"

पूजा विचार करायच्या आतच डावीकडचे बोलले, "सोपं आहे. आठ हजार."

उजवीकडचे म्हणाले, "नाही हो. आठ हजार एकशे ब्याण्णव!"

दोघांचं जुंपलं. पूजा खाली मान घालून बसलेली. मला वाटलं, गेला हाही इंटरव्ह्यू.

तेवढ्यात तिचा आवाज आला. "साहेब, आदी लावून बघूया की."

लावला. जागा निघाली पंधरा जीबीच्या जरा आत. तिनं कागदावर हिशेब केला. "साडेसात हजार धरूया. थोडी जागा मोकळी असलेली बरी."

मधल्यानं तो कागद जवळ ओढला. मग पूजानंच विचारलं, "पण साहेब, तुमच्याकडं केसपेपर एकूण किती हायत?"

मधल्यानं डावीकडं बघितलं. डावीकडच्यांनी उजवीकडं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

पूजानं पेन टेबलावर ठेवलं.

"मग मोजायला कधीपासनं येऊ?"