मंगळवारचं बाकडं

केसपेपरांना वाळवी लागायची, किश्श्यांना कधी लागली न्हाई. पाच वर्षांचे केसपेपर सुतळीनं बांधून माळ्यावर टाकले अन् मोकळा झालो, पण किस्से तुमच्यासारख्या कुणी चहाला बोलवलं की आपोआप सुटतात.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाल्ती. जालन्याच्या एका दवाखान्यात दर मंगळवारी बाहेरून मनाच्या आजाराचे डॉक्टर यायचे. लोक सरळ 'येड्याचा डॉक्टर' म्हणायचे. मी व्हरांड्यात टेबल टाकून नाव, गाव, झोप, भूक, त्रास, समदं लिहून घ्यायचो. स्वभाव माझा पहिल्यापासून तापट. त्यात हे काम!

समोरच्या बाकड्यावर सुंदराबाई असायच्या. तीर्थपुरीच्या. आधी पेशंट म्हणून आल्त्या, बऱ्या झाल्या, अन् गोळ्या न्यायला आल्या की दिवसभर नव्या लोकांपाशी बसायच्या. "माझंबी डोकं फिरल्तं. आता बघा, दहा माणसांच्या भाकरी थापते!" पगार न्हाई, हुद्दा न्हाई. पण माझ्या टेबलापुढं रडणारा माणूस त्यांच्यापाशी गेला की चहा मागायचा.

*

लोक खरं नाव-गाव सांगायचेच न्हाईत. घरात लग्नाच्या पोरी असायच्या ना! मंग शिपायानं पुकारा केला की कुणी उठायचं न्हाई, अन् मी भडकायचो. "अरे, खोटं सांगता तर ते पाठ तरी करा!"

एकदा हसनाबादच्या माणसानं गाव सांगितलं मंठा. त्याच्या शेजारी बसला मंठ्याचा, त्यानं सांगितलं हसनाबाद. मी दोन्ही मोठ्यानं वाचलं. झाली पंचाईत!

"हसनाबादचे का? कुण्या गल्लीत घर तुमचं?"

"ते... तुम्ही मंठ्याचे ना? बाजारात कधी दिसले न्हाईत!"

दोघांनाबी घाम फुटला. सुंदराबाई म्हणाल्या, "दोघं जागा बदला, समदं बराबर होईल!"

*

एक सासू सुनेला घेऊन आल्ती. मी सुनेला विचारलं, "झोप लागते का?" सासू म्हणाली, "कुठली झोप!" "भूक?" सासू म्हणाली, "घास उतरत न्हाई." "रडू येतं?" सासूनं पदर डोळ्याला लावला. "दिवसभर, साहेब!" सून बिचारी तोंडाकडं बघत बसलेली.

सुंदराबाई म्हणाल्या, "साहेब, केसपेपरवर कोणाचं नाव घातलं?"

पुढच्या मंगळवारी सासू एकटीच आली.

*

एका माणसाला बसवतच न्हव्हतं. व्हरांड्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मी ओरडलो, "बसा!" तो म्हणाला, "तुम्हीच उठा की!"

मंग काय, रजिस्टर काखेत मारून मीबी त्याच्यासंगं चालायला लागलो. "झोप?" "न्हाई." वळलो. "भूक?" "न्हाई." वळलो. जेवायची वेळ टळून गेल्ती, माझा आवाज चढत चाललेला. डॉक्टरांनी दारातून डोकावून शिपायाला विचारलं, "ह्यातला पेशंट कोणता?"

शिपाई म्हणाला, "साहेब, सकाळी ठाऊक होतं!"

*

एक पाटील गोळी हातात धरून बसून होते. डॉक्टरांनी इथंच घ्यायला सांगितल्ती. तांब्या सुंदराबाईंचा, अन् बाई बौद्ध आहेत हे पाटलांनी आधीच विचारून घेतल्तं. माझं डोकं तापलं, मी उठलोच. बाईंनी हातानंच मला खाली बसवलं.

"पाटील," त्या म्हणाल्या, "डोकं फिरलं तव्हा त्यानं जात विचारल्ती का?"

पाटलांनी तांब्या उचलला. मंग घटाघटा पाणी प्याले अन् म्हणाले, "पुढच्या मंगळवारी असता ना तुम्ही?"

*

आता माझ्या घरचं सांगतो. थोरला भाऊ, दादा, तीर्थपुरीला मास्तर होता. सुंदराबाईंची लेक त्याच्याच वर्गात. हजेरी घेताना त्याचा आवाज पार रस्त्यावर ऐकू यायचा. तो माणूस एक दिवस गप झाला. तीन महिने एक शब्द न्हाई. रजा संपत आल्ती, हेडमास्तर म्हणाले, ह्या महिन्यात रुजू व्हा, न्हाईतर नोकरी जाईल. मला रात्रंदिवस चैन न्हव्हतं, अन् तरी वहिनी 'ह्यांना डॉक्टरांना दाखवा' म्हणायच्या तव्हा मी पुढच्या मंगळवारवर ढकलायचो. कुणी बघितलं तर? लोकांना शहाणपण शिकवणारा मी!

शेवटी वहिनी सोताच दादाला घेऊन आल्या. व्हरांड्यात आमच्या गल्लीतले दोघं बसल्ते. मी दादाकडं वरसुद्धा न बघता लिहिलं: गणपत रामजी, राहणार मंठा. वहिनींनाबी सांगितलं न्हाई. सुंदराबाई दादाच्या शेजारी सरकून बसल्या अन् माझ्याकडं नुसतं बघत राह्यल्या.

शिपायानं पुकारा केला, "गणपत रामजी!"

कुणी उठलं न्हाई.

"गणपत रामजी, मंठा!"

मला उठायचं होतं, सांगायचं होतं, हा माझा भाऊ आहे म्हणून. मी रजिस्टराचं पान उलटलं. लाज वाटली, अन् लाज वाटली याचीबी लाज वाटली.

शिपाई तिसऱ्यांदा ओरडला, "गणपत रामजी!"

दादानं मान वर केली. शिपायाकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं.

"गैरहजर," दादा म्हणाला. "पुढचा!"