मामांची तंतोतंत प्रत

जे निर्माण झालं ते एक दिवस नष्ट होणार, हे सत्य ऋषिमुनींपासून विमा एजंटांपर्यंत सर्वांनी मान्य केलेलं आहे. न मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नाशाविरुद्धचं त्यांचं युद्ध मुलुंड पूर्वेच्या एका तिसऱ्या मजल्यावरून चालतं, आणि या युद्धात आतापर्यंत दोन प्रिंटर, एक संगणक आणि मामींची बरीचशी सहनशक्ती कामी आली आहे. मामांची सगळी नोकरी ट्रॉम्ब्याला अशा ठिकाणी झाली, जिथे एका पंपामागे दुसरा पंप तयार असे आणि दुसराही बंद पडला तर काय, याचा विचार करायला तिसरा माणूस नेमलेला असे. तो तिसरा माणूस म्हणजे मामा. माणूस निवृत्त झाला, विचार झाला नाही.

घराच्या किल्ल्यांचे संच त्यांनी घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवलीच्या नातेवाइकांकडे ठेवले आहेत. हेतू असा की मुंबईत कुठेही किल्ली हरवली तरी जवळचा संच गाठता यावा. आमच्या लग्नात, विलेपार्ल्याच्या कार्यालयात, त्यांची किल्ली खरोखरच हरवली. संच सांभाळणारे सगळे नातेवाईक पंगतीतच होते, पण संच आपापल्या घरी. मामा जेवण अर्धवट टाकून अंधेरीला निघाले. परत आले तेव्हा मामींनी स्वतःच्या पर्समधून किल्ली काढून दाखवली.

"अहो, माका इचारलात तरी?" मामी म्हणाल्या.

"ती मूळ किल्ली आहे," मामा म्हणाले. "मूळ वस्तू वापरायची नसते."

या तत्त्वाला अपवाद एकाच वस्तूचा होता. त्यांच्या खिशात एक छोटा म्युझिक प्लेअर असे. काडेपेटीएवढा, कडा घासून पांढऱ्या झालेल्या. फोनवर गाणी ऐकणं म्हणजे रस्त्यात उभं राहून आंघोळ करणं, असं त्यांचं मत. प्लेअरवर फक्त गाणी. त्याला दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत एक, कारण हवा दमट. एकदा जुहूच्या वाळूत आम्ही फिरत होतो. मामा कानात वायर घालून अतिशय तन्मयतेने चालले होते. शेवटपर्यंत ते एकच गाणं ऐकत होते, असं नंतर कळलं. आवडीमुळे नव्हे. दोन पिशव्यांवरून बटण दाबलं जात नव्हतं.

या प्लेअरमधली गाणी गेली असती तर परत मिळाली असती. पण त्यात एक गोष्ट अशी होती की जी बाजारात नव्हती. मामांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, मालवणकडच्या गावात राहायचे. गणपतीला सगळं कुटुंब तिथे जमे, आणि आरती दादाच सांगत. सांगत म्हणजे पहिली ओळ दादांनी उचलायची आणि बाकीच्यांनी झांजा कुटत मागून यायचं. एका वर्षी मामांनी प्लेअर पाटाजवळ ठेवून ती अख्खी संध्याकाळ रेकॉर्ड केली. पुढच्या गणपतीपर्यंत दादा राहिले नाहीत. गावचं घर बंद झालं, गणपती मुलुंडला आला. मुलुंडला झांजा होत्या, माणसं होती, पण आरती सांगणारा नव्हता. मामांना सगळ्या आरत्या पाठ होत्या, पण धाकट्या भावाला असतात तशा, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून. मग त्यांनी प्लेअर स्पीकरला जोडला. दादा स्पीकरमधून पहिली ओळ उचलायचे, आम्ही मुलुंडकर मागून जायचो. नवीन सून आली की तिला आधी समजावून सांगावं लागे, कोण गातंय ते.

साहजिकच या रेकॉर्डिंगच्या प्रती होत्या. एक संगणकात, एक स्टीलच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक आमच्याकडे अंधेरीला आणि एक बोरिवलीला वहिनींकडे, म्हणजे दादांच्या पत्नीकडे. नुसत्या प्रती असून भागत नाही, त्या तंतोतंत सारख्या हव्यात, यावर मामांचा कटाक्ष. "प्रतीत आणि मुळात फरक पडला की ती प्रत राहत नाही, अफवा होते," ते म्हणत. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम बसवून घेतला होता. तो प्लेअर मूळ धरून दुसरं ठिकाण तपासायचा आणि दोन्हीकडे अगदी सारखं करून टाकायचा. ठरावीक रविवारी मामा पिशवी घेऊन निघायचे, डिस्का गोळा करायचे, सारख्या करायचे आणि परत पोचवायचे. आमच्याकडची डिस्क आमच्या रव्याच्या डब्यामागे असे. बायकोने एकदा ती पुसताना हलवली, तर मामांनी आल्याआल्या ओळखलं.

यंदा गणपतीच्या आदल्या रविवारी प्लेअर अडकला. मामा बिलकूल घाबरले नाहीत. अशाच प्रसंगासाठी तर त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी शांतपणे प्लेअर पूर्ण कोरा केला, चालू झाल्याची खात्री केली आणि गाणी परत भरण्यासाठी संगणकाला जोडला. प्रोग्रामने नेहमीप्रमाणे विचारलं की दोन्ही बाजू सारख्या करू का. मामांनी हो म्हटलं. प्रोग्रामने प्लेअर पाहिला, तो रिकामा होता. संगणक पाहिला, तो भरलेला होता. त्याने संगणक रिकामा केला आणि काम यशस्वी झाल्याचं कळवलं.

इथे एखादा आळशी माणूस वाचला असता. मामांनी ते "यशस्वी" वाचलं आणि त्याच समाधानात कपाटातली डिस्क जोडली. यशस्वी. वहिनींची डिस्क बोरिवलीहून आणलेलीच होती, तीही जोडली. यशस्वी. मग मला फोन आला, "जावईबापू, तुमची डिस्क घेऊन या. एकटीच मागे राहिलीय." मी अंधेरीहून ती घेऊन गेलो. चहा होईपर्यंत तीही यशस्वी झाली.

मग मामांनी वायर कानात घातली. वायर काढली, फुंकर मारली, परत घातली. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय झाला?"

"दादा नाय," मामा म्हणाले. एरवी ते शुद्ध बोलतात.

गेलेला डेटा परत काढून देणारा एक तरुण घाटकोपरला आहे, असं कोणीतरी सांगितलं. मी मामांबरोबर गेलो. त्याने डिस्का बघितल्या आणि कौतुकाने मान हलवली. "काका, नुसतं डिलीट केलं असतं ना, तर आणलं असतं परत. पण हे वरून पुसून पण घेतलंय. हे सेटिंग कोणी लावलं?"

"मी," मामा म्हणाले. "मागे कचरा राहू नये म्हणून."

"झकास काम केलंय, काका," तो म्हणाला. टोमणा नव्हता.

घरी आल्यावर मामा खुर्चीत बसून राहिले. गणपती दोन दिवसांवर. मखराचे खांब तसेच भिंतीला टेकून. मामी म्हणाल्या, "आरती तुमी सांगा. तुमका येता."

"माका मागची येता," मामा म्हणाले. "पुढची दादाची."

मामी फोन घेऊन बसल्या. बराच वेळ अंगठा वर-खाली करत होत्या. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी फुलं, वाढदिवस, गुडघेदुखीचे उपाय असं सगळं उपसत कितीतरी मागे गेल्या. मागे कधीतरी त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकताना हसू आलं होतं, म्हणून त्यांनी फोन स्पीकरपुढे धरून तेवढाच तुकडा टिपला होता आणि वहिनींना गंमत म्हणून पाठवला होता. वहिनींनी तो ग्रुपवर टाकला होता. मामा तेव्हा चिडले होते, आरती अशी वाटत सुटायची वस्तू आहे का म्हणून. तो तुकडा मामींना सापडला. त्यात आरती नव्हती. झांजा एकदम थांबतात आणि दादांचा आवाज येतो: "अरे मेल्यांनू, पंखो कोणी लावलो? बंद कर आदी! निरांजन विझतला!"

एवढंच. पाठीमागे कोणीतरी खुदकन हसतं आणि तुकडा संपतो.

मामांनी तो परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग ते खुर्चीतून उठले आणि जाऊन भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं. मामी म्हणाल्या, "मी तुमच्यासारखा जपून ठेवलंय नाय, म्हणान रवला."

गणपतीच्या दिवशी ताट तयार झालं, निरांजन लागलं. मामींनी फोन स्पीकरला जोडला आणि दादा ओरडले. माझ्या मेव्हण्याने उठून पंखा बंद केला. मग सगळे मामांकडे बघायला लागले. मामांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. फार वरच्या पट्टीत, कारण दादांची पट्टी तीच. ओळ संपली आणि ते थांबले. कोण पुढे म्हणतंय याची वाट बघत, तोंड किंचित उघडं. क्षणभर नुसती ज्योत सरळ उभी होती. मग मामींनी दुसरी ओळ घेतली, आम्ही झांजा कुटायला लागलो, आणि आरती कशीबशी रांगेला लागली.

गावाला दादा एका दमात सात-आठ आरत्या सांगायचे. मुलुंडला, पंखा बंद असल्यामुळे, दोन होतात.