वैरागडे सरांच्या वहीतला पत्ता

आत्मा, संकेत वगैरे मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही असंच म्हणेन... फक्त आधीइतक्या जोरात म्हणवत नाही. इथले अनुभव बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी भिलाईत एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कारखान्यांसाठी गॅस अलार्मचे कंट्रोलर बनवतो. वैरागडे सर माझे सीनियर – मूळचे वर्ध्याचे, कमी बोलणारे. काम मला त्यांनीच शिकवलं. मागच्या उन्हाळ्यात हार्ट अटॅकने गेले.

त्यानंतर दीड महिन्याने मी कंट्रोलरचं नवं सॉफ्टवेअर तयार केलं आणि ते एका वर्कशॉपमध्ये बसलं. आठ दिवसांत तिथे गॅस लीक झाला. अलार्म वाजलाच नाही. एक फिटर बेशुद्ध पडला, त्याला दुर्गच्या हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याची बायको एवढंच म्हणाली, "मशीन आपने ही बनाई थी न, मैडम?"

तीन दिवस मी बग शोधत होते. सेन्सर वाचणारा भाग आम्हाला बाहेरून मिळालेला, तोही फक्त कंपाइल केलेला – माणसाला वाचता येईल असा मूळ सोर्स नाही. म्हणून डिसअसेंबलर लावला. म्हणजे नुसत्या बाइट्स वाचून मशीनच्या सूचना लिहून दाखवणारा प्रोग्राम. पण तो जे दाखवत होता ते कोणी शहाणा माणूस लिहिणार नाही असलं काहीतरी होतं. मेमरी खराब असेल म्हणून दोनदा बोर्ड बदलला. तेच!

चौथ्या दिवशी दुपारी वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला.

"मेघा, त्यायची पुस्तकं पडून आहेत. घेऊन जाय ना. मले पाहवत नाही."

कोहक्याला त्यांच्या घरी गेले. पुस्तकांत सरांची कामाची वही होती. सहज चाळली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, पेन्सिलीने, त्यांच्या तिरप्या अक्षरात – "४०३७१२. इथून नको. एक घर सोडून वाच."

मेमरीतला हाच पत्ता तीन दिवस माझ्या स्क्रीनवर होता – सगळा गोंधळ तिथूनच सुरू व्हायचा.

तशीच ऑफिसला आले. डिसअसेंबलरला ४०३७१३ पासून वाचायला लावलं... आणि सगळं सरळ दिसायला लागलं. त्या एका घरात सूचना नव्हतीच, नुसता डेटा होता. डिसअसेंबलर त्यालाच सूचना समजून पुढचं सगळं चुकीचं जुळवत होता. खरा दोष आता समोर होता – गॅस फारच वाढला की तो आकडा उणे धरला जायचा. म्हणजे कंट्रोलरच्या लेखी गॅस नाहीच!

तेच सॉफ्टवेअर आणखी दोन ठिकाणी चालू होतं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे कंट्रोलर बंद करायला लावले. फिटर वाचला. पण कामावर परत आला नाही.

आता ऐका. हे पत्ते प्रत्येक नव्या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने तयार केलं की, बदलतात. हा बिल्ड मी केला, माझ्या मशीनवर, सर गेल्यानंतर दीड महिन्याने. जुने सगळे बिल्ड काढून पाहिले – त्या पत्त्यावर प्रत्येकात भलतंच काही. आणि वही तर सर गेले त्या दिवसापासून त्यांच्या घरच्या कपाटात होती, कोणी हात लावला नव्हता. नवरा म्हणतो, योगायोग. सहा आकड्यांचा?

आठवड्याने ती वही घेऊन वहिनींकडे गेले, सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्या शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पूर्ण वही पाहिली तू?"

"हो."

"माझ्यासाठी काही लिहिलं आहे का त्याच्यात?"

आम्ही दोघींनी शेजारी बसून एकेक पान उलटलं. कोरी पानंसुद्धा. नुसते आकडे होते, बाकी काही नव्हतं. वही मी त्यांच्याजवळच ठेवली.

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. वहिनींचा मात्र अजून मधूनच फोन येतो –

"मेघा, एखादं पान चिकटून तर नव्हतं ना राहिलं?"