गुरुजींचा घोडा

दवाखान्यात पडल्यापडल्या अक्काला त्या घोड्याच्या गोष्टीची आठवण झाली. मी लहान असताना ती मला शेजारी घेऊन ते पुस्तक वाचायची. गावातल्या मुलांना रोज शाळेत पोचवणारा टांग्याचा म्हातारा घोडा, एवढीच गोष्ट. शेवटाला आम्ही दोघी बहिणी रडायचो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच काढून बसायचो. पुराचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी ते पुस्तक गेलं.

"मिळतंय का तेवढं बघ की," अक्का म्हणाली.

कुठंच मिळेना. शेवटी आमच्या वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, लेखक अजून आहेत. प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आता कसबा बावड्याला मुलाकडं राहतात.

मी गेले. गुरुजी नव्वदीला टेकलेले, दारातच खुर्ची टाकून बसलेले. पुस्तक त्यांच्याकडंही नव्हतं. अक्काचं सगळं ऐकून घेतलं आणि काठी शोधत म्हणाले, "पुस्तक न्हाय, पण गोष्ट हाय की. चल."

रिक्षानं त्यांना दवाखान्यात आणलं. अक्काच्या कॉटजवळ स्टुलावर बसून त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. अक्का डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुढचे शब्द म्हणत होती. पण शेवटाला आल्यावर गुरुजींनी घोडा बरा केला आणि माळावर चरायला सोडून दिला.

अक्कानं डोळे उघडले. "गुरुजी, असं न्हाय ते. मरतोय की घोडा."

"व्हय. मरतोय."

"मग तसंच सांगा."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. मग सांगितलं. घोडा रस्त्याकडेला बसतो. मुलं दप्तरं खाली ठेवून त्याच्याभोवती बसतात. शाळेची घंटा होते, तरी कुणी उठत नाही. अक्का शांत ऐकत होती. मलाच तिथं थांबवेना, मी व्हरांड्यात जाऊन रडले.

त्याच आठवड्यात अक्का गेली. गुरुजी मुलाला घेऊन भेटायला आले. येऊन सतरंजीवर बसले.

"आमच्या वडलांचा टांगा होता," गुरुजी एकदम म्हणाले. "घोडा आमचाच. पोरं भोवती बसली हे मी आपलं लिहिलं. आम्ही सगळी शाळंत गेलतो. एकटाच गेला तो."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

"तू होतीस न्हवं अक्काजवळ?"

"होते."

"बरं झालं, पोरी," म्हणाले, आणि मुलाच्या खांद्याला धरून उठले.