आईच्या बोटासाठी एक फळी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. हे मी म्हणत नाही, तेच म्हणायचे. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांच्या शिरोलीच्या कारखान्यात सीएनसी राऊटर आला आणि त्यांचा स्वतःबद्दलचा उरलासुरला संशयही फिटला.

कारखाना फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून देण्याचा. जो लोखंडी भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून वर काढतात आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. हे काम पूर्वी रंधा-पटाशीनं व्हायचं. आता कॉम्प्युटरवर आकृती काढली की यंत्र लाकूड आपोआप कोरायचं. दाजींना त्याचं बटणसुद्धा दाबता येत नव्हतं, त्यासाठी पगारी ऑपरेटर होता. पण आल्यागेल्याला दंडाला धरून ते यंत्रापुढं उभं करायचे, चपला बाहेर काढायला लावायचे. खंडेनवमीला त्याला एवढा मोठा हार घातला की पाकळ्या आत अडकून यंत्र बंद पडलं. दाजी म्हणाले, व्होल्टेजचा घोटाळा आहे.

त्याच सुमारास आईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ थोडी जड राहिली, उजवा हात मात्र असून नसल्यासारखा. तिला कुणी भरवलेलं खपायचं नाही. मी घास पुढं केला की ती ओठ मिटून घ्यायची. आपल्या हातानं भाकरी मोडून खायची, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती सांगाल तो व्यायाम करायला तयार होती.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मला एका लाकडी फळीचं चित्र दिलं. फळीत एक खोबण, कडेपासून वळणं घेत घेत मधोमध जाणारी. वाट एकच, चुकायला जागाच नाही. बोट खोबणीत ठेवायचं आणि चालवत न्यायचं. दोन्ही बाजूंच्या भिंती बोटाला धरून ठेवतात, त्यामुळं कमजोर बोटही शेवटपर्यंत पोचतं आणि माणसाला धीर येतो, असं बाई म्हणाल्या.

सुतार आमच्या गल्लीतच होता. पण जावयाच्या घरी यंत्र असताना सुताराकडं जाणं आईला पटेना, जावईबापूंना काय वाटेल म्हणून. मी मुकाट्यानं शिरोलीला गेले. दाजींनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि एकच वाट असेल तर त्यात डोकं ते काय, असं विचारलं. मी म्हटलं, डोकं नकोच आहे, बोट चालायला हवंय. ते हसले. माझ्याशी ते असंच हसायचे.

फळी दाजींनी आणली ती स्वतः, गाडीतून, पेढ्यांच्या बॉक्ससकट आणि दोन फाउंड्रीवाले मित्र बरोबर घेऊन. आजारी बाईच्या घरी प्रदर्शन भरवायला आले होते. फळी सागवानी, लाल चकचकीत रंगाची, कोपऱ्यात कारखान्याचं नाव कोरलेलं. सुबक होती. हे लिहायलाही माझ्या जिवावर येतं.

आईनं पदर सावरला आणि डाव्या हातानं उजवा उचलून बोट खोबणीत ठेवलं. पहिल्याच वळणावर ते निसटून शेजारच्या वळणात गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा निसटलं. तिच्या कपाळाला घाम आला. मग मी माझं बोट फिरवून बघितलं. खोबणीच्या भिंती सरळ नव्हत्याच, वर फाकत गेल्या होत्या. पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून त्याला असा उतार देतात. टेपर म्हणतात त्याला. आणि वाळू चिकटू नये म्हणून वर गुळगुळीत रंग. दाजींच्या कारखान्यातून टेपर दिल्याशिवाय जन्मात काही बाहेर पडलं नव्हतं, म्हणून आईच्या फळीलाही दिला होता. बोट धरून ठेवायची फळी, आणि तिच्यावरून बोट घसरत होतं.

मी हे हळूच दाजींच्या कानावर घातलं. ते मोठ्यानं बोलले, मित्रांना ऐकू जाईल असं. आईला ते मामी म्हणायचे.

"टेपर बरोबर हाय. मामींचं बोटच ढिलं हाय, त्याला मशीन काय करणार?"

मित्र हसले. आईनं हात उचलून पदराखाली घेतला.

दोन दिवसांनी मी कारखान्यात जाऊन सरळ भिंतींची, बिनरंगाची फळी मागितली. टेपरशिवाय माल बाहेर काढला तर लोक तोंडात शेण घालतील, असं उत्तर मिळालं. शेवटी आईला न विचारता सुताराकडून तशी फळी करून घेतली. आईनं तिला बोट लावलं नाही. जावई एवढे जाणते, ते ढिलं म्हणतात तर ढिलंच असणार, म्हणाली. बाकीचा व्यायामही तिनं सोडला. नुसत्या फळीनं हात बरा झाला असता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापर्यंत ती झटत होती.

मग ती डाव्या हातानं जेवायला लागली. लहानपणी आम्ही डावा हात पुढं केला तर फटका देणारी बाई. आता ती स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून बसायची आणि डाव्या हातानं भाकरीचा काला चिवडायची. लाल फळी दाजी परत घेऊन गेले होते. ती त्यांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात लागली. सासूबाईंसाठी केली होती, तिच्यावरच त्या बऱ्या झाल्या, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. मला त्या माणसाची किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

एका रविवारी दाजी मटण खायला आले. हात धुवायला आत आले तर आई भिंतीकडं तोंड करून जेवत होती.

"मामी, डाव्या हातानं जेवू नये," ते म्हणाले. "घरात लक्ष्मी टिकत न्हाई. जरा व्यायाम करत जावा की."

आता आई बोलेल, असं मला वाटलं. बोलावंच, असं वाटलं. तिनं तोंडातला घास गिळला, डावा हात ताटातच धुतला आणि ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच होती.

दाजी बाहेर पाटावर जाऊन बसले आणि त्यांनी रस्सा मागितला. मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"वाढ की त्यांना," आई म्हणाली. "गार हुईल."