वेळापत्रकातले बारा दिवस

सातवीच्या परीक्षेला तीन महिने उरले होते. माझी शाळा चौथीत सुटलेली, माहेर दूर कऱ्हाडकडं. हुबळीच्या सासरी परीक्षेला बसायची परवानगी एकदाच मिळाली होती. रोज दुपारी दोन तास गणित, असं वेळापत्रक मी केलं. पण पापड, दळण, पाहुणे यांत पंधरवडाभर एकही दुपार हाती लागली नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंना आम्ही अक्का म्हणत असू. त्यांच्यापुढं मी रडले.

कागद बघून त्या म्हणाल्या, "हे सुनेचं वेळापत्रक की कलेक्टरचं? महिन्याला चार दिवस बाजूला बसतेस, तेव्हा काय करतेस?"

"भिंत बघते. पुस्तकाला शिवू देत नाहीत."

"मग पाटी घे की ग! पाटी धुता येते."

त्यांनी उरलेल्या अडीच महिन्यांतले बारा दिवस आखून दिले. दारातून त्या उदाहरणं वाचायच्या, कोपऱ्यात मी सोडवायची. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आठ दिवसांत अपूर्णांक आणि त्रैराशिक झालं. व्याज शेवटच्या चार दिवसांवर ठेवलं होतं.

ते दिवस आलेच नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. परीक्षा तोंडावर आली, आणि सासूबाई शेजारणींना हसून सांगत होत्या, "यंदा आमच्याकडं पाळणा हलणार."